आधी उतरणं

पूर्णा जंक्शनच्या मागं, लोको शेडच्या पडीक मैदानात
पहाटे साडेपाचला अकरा लेकरं येतात. कधी नऊ.
मी शिट्टी वाजवत नाही,
शंटिंगवाले दचकतात.

सामान म्हणाल तर
दोन जुने लाकडी स्लीपर,
युरियाच्या पोत्यांत भरलेली नदीची वाळू,
त्यावर ऑइलपेंटनं आकडे : सहा, आठ, दहा.
मुंजाजीच्या मामाच्या टेम्पोचा एक टायर.
आणि माझा डावा गुडघा,
तो नुसता दाखवायला.

आमच्या वेळी चुकलेल्या पासमागं शंभर बेडूकउड्या असायच्या.
उलटी झाली की सर म्हणायचे, आता ताकद आली.
एकोणिसाव्या वर्षी, नांदेडला,
कुणी धक्कासुद्धा दिला नाही, मी फक्त वळलो,
आणि आत सुतळी तुटावी तसं काहीतरी तुटलं.
लोक ओरडले, ऊठ बे, नाटकं करायलास का!

म्हणून इथं आधी उडी नाही.
आधी उतरणं.
शाहेदा स्लीपरवर चढते, अंग खाली सोडते,
मी डोळे मिटून उभा.
"वाजलं."
पुन्हा.
"वाजलं. गुडघे आत गेले तुझे."
"डोळे तर मिटलेत सर तुमचे!"
"कानानं दिसायलंय मला."

तिकडं मुंजाजी गुडघ्यांवर, कुणीतरी घोटे दाबून धरलेले,
सरळ अंगानं पुढं पडायचं, जितकं हळू जमेल तितकं,
जुन्या सिग्नलचा हात खाली यायचा तसं.
मांडीमागं जाळ होतो.
"ह्यानं गोल होतो का सर?"
"नाही होत. ह्यानं सत्तराव्या मिनिटाला
तू मैदानात असतोस."

धम्मदीप दिवाळीपासून चार बोटं वाढला.
पळताना त्याचे पाय त्याचेच वाटत नाहीत.
मी त्याचं पोतं आठावरून सहावर आणलं,
म्हटलं, हाडं पुढच्या गाडीनं आलीत बाबा,
बाकीचं अंग मागच्या गाडीनं यायलंय, थांब जरा.
तो बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी सहाचं पोतं उचलून पाहिलं,
दहाच्या वर भरत होतं.
त्याच्यादेखत शिवण उसवली, ओंजळीओंजळीनं वाळू काढली.
तो बुटाची नाडी बांधत राहिला,
बांधलेलीच.

त्याची आई विचारते, काय खाऊ घालू?
भाकर, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे,
आणि नऊ तास झोप, मी सांगतो.
ती हसते :
"हरभरे देते सर. झोप कुठून आणू,
उशाला रूळ आहे आमच्या."
यावर माझ्याकडं व्यायाम नाही.

आज मी पुन्हा डोळे मिटले.
शाहेदा वर. मी आवाजाची वाट बघायलोय.
कोळशाची मालगाडी लांब, अजून लांब,
शेडवरची कबुतरं, कुणाचा तरी खोकला.
आवाज येईना.
भ्यायली असेल म्हणून डोळे उघडले,
तर समोर, जमिनीवर, वाकलेल्या गुडघ्यांवर ती.
"कव्हा उतरलीस?"
"मघाशीच."

आणि लगेच, "अजून एक?"

नको.
आज एवढंच.