फिती

माझं काम सोपं: शर्यतीच्या शेपटीला चालायचं.
शेवटचा माणूस पुढे, त्याच्या मागे मी,
आणि झुडपांना बांधलेल्या नारिंगी फिती
एकेक सोडवून पिशवीत टाकायच्या,
डोंगराला कळू नये आपण येऊन गेलो म्हणून.

सकाळी गावात पीच फुललेला.
सप्टेंबरचा शेवट. पोरांनी बाह्या दुमडलेल्या.
भोंग्यावरून सांगितलं, ऊन लागेल, पाणी पीत राहा.
बेचाळीस जण सुटले, एकेचाळीस लगेच दिसेनासे झाले.
उरले न्ताते लेखोआ,
मासेरूच्या टपाल कचेरीतून निवृत्त, वय एकाहत्तर,
गुडघ्याला निळी पट्टी, तोंडाला खळ नाही.
पहिल्या चढावर त्यांनी मला दोन लग्नं
आणि एका हरवलेल्या मनिऑर्डरची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या चढावर ते गप्प झाले.

दक्षिणेकडून आभाळ आलं. काळं नव्हे,
घासून घासून पातळ झालेल्या पातेल्याच्या रंगाचं.
वारा आधी कानात, मग कॉलरमध्ये,
मग जिथे जिथे घाम होता तिथे
कुणी बोट टेकवून मोजत गेल्यासारखा.
पहिला कण बाहीवर पडला
तेव्हा मला वाटलं, पीचची पाकळी. इतक्या उंचावर?

तासाभरात वाट गेली.
मी झुडपं झटकायचे; कधी फीत निघायची,
कधी नुसतंच झुडूप.
बोटं माझं ऐकेनात, गाठी दातांनी सोडवल्या.
प्लास्टिकची चव अजून जिभेवर आहे.

"मी थंडीत पत्ते म्हणायचो," न्ताते म्हणाले,
आणि म्हणू लागले:
ओढ्यापलीकडे मामोखेथी, मुलगा सोन्याच्या खाणीत.
पिवळं दार, सेकोआला, पत्र कधीच नाही,
तरी रोज उंबऱ्यात उभा.
चाळीस वर्षांपूर्वीची घरं
त्या पांढऱ्यात एकामागून एक आली आणि गेली.
मी त्यांच्या पाठीकडे बघत चालले. पाठ थरथरत होती,
आवाज नाही.

आधी कुत्रा आला. मग गमबूट. मग घोंगडीतला पोरगा,
बारा-तेरा वर्षांचा, छातीशी काहीतरी हलणारं.
"तुमच्या मागे कोण लागलंय?"
"कुणी नाही."
"मग पुढे काय आहे?"
मला पदक म्हणवेना. "सूप," मी म्हणाले.
त्याने विचार केला. त्याला ते पटलं असावं.

त्याच्या दगडी खोपीत गोवऱ्या धुमसत होत्या.
डोळे चुरचुरले, कान परत आले ते ठणकतच.
घोंगडीतून एक कोकरू निघालं, ओलं, दोन दिवसांचं.
"सकाळपासून दोन गेली," तो म्हणाला,
"पांढऱ्यात पांढरं सापडत नाही."
न्तातेंनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीकडे.

बाहेर वाऱ्यात आम्ही तिघे गुडघ्यांवर,
एकेक मानेत एकेक फीत.
माझ्या गाठी ढिल्या पडत, तो पुन्हा घट्ट करी.
न्ताते प्रत्येकाला एक नाव देत होते,
बहुतेक ती पत्त्यांतलीच.

मग तो आम्हाला उतारापर्यंत सोडायला आला,
गमबुटांनी बर्फ फोडत, पुढे, धावत.
हात करून वाट दाखवली
आणि वळून तसाच चढावर धावत गेला, न थांबता,
छातीवर क्रमांक नसलेला.
त्या दिवशी धावताना मी पाहिला तो एवढाच.

खाली टेबलं घडी करून ठेवलेली.
शर्यत दुपारीच रद्द झाली होती, आम्हाला कोण सांगणार?
सूप कोमट होतं. न्तातेंनी वाटी दोन्ही हातांत धरली,
प्यायला मात्र विसरले.

आयोजक पिशवी ओतून मोजत बसला.
बांधल्या दीडशे, निघाल्या अठ्ठ्याऐंशी.
"बाकीच्या?"
"काही बर्फाखाली."
"आणि काही?"
मी खिडकीतून वर पाहिलं. डोंगर दिसत नव्हता.
"चरताहेत," मी म्हणाले.
त्याने वहीत काय लिहिलं, मी विचारलं नाही.