रिकामी पुडी

मार्गशीर्ष लागला की अंबाजोगाईचे गळे
माझ्या दुकानात येतात.
मोंढ्याच्या पाठीमागं, तेलाच्या घाण्याला लागून.
पाटीवर नुसतं ‘काष्ठौषधी’ उरलंय,
खालचं नाव उन्हानं खाल्लं.

कीर्तनकार येतात उपरण्यात तोंड गुंडाळून.
आधी ओवा मागतात, मग हिंग,
निघता निघता ज्येष्ठमध.
घसा बसलाय हे त्यांना कबूल नसतं.
कव्वाल मुनीरमियाँ कुलंजन दातानं फोडतात :
“ये तो पारसाल का है, आपा.”
शाळेच्या संगीतबाई कंकोळ मोजून घेतात, चौदा दाणे.
आणि मोंढ्यात सौदा पुकारणारा लिंबाजी,
जो सोयाबीनचा भाव रोज कोमल निषादावर सोडतो
(त्याला माहीत नाही, मीही सांगितलेलं नाही),
तो घेतो पाच रुपयांची तुरटी.

मी विकते.
मला सा लावता येत नाही, ओळखता येतो.
वडील म्हणायचे, हेच बरं,
गाणारी असतीस तर निम्मा माल चघळून संपवला असतास.

यंदा गोंधळी इरबा उगले आला
लागोपाठ सात रात्री जागवून.
कवड्यांची माळ गळ्यात होती,
गळा कुठंच नव्हता.
तोंड उघडलं तर दाण्याशिवाय जातं फिरावं तसं काहीतरी.
घासत घासत सांगितलं त्यानं :
मीठपाण्याच्या गुळण्या. हळद-गूळ.
बायकोनं तुपात परतून दिलेली मिरी.
मेव्हण्याच्या सांगण्यावरून भाजलेला बेहडा
गालात धरून झोपला, सकाळी उशी काळी.
कुणी म्हणालं कच्चं अंडं,
तेही, देवीची माफी मागून.
चिंच सोडली, दही सोडलं,
ठेचा सोडला
हे सांगताना जरा थांबला.

“सोमवारी गिरवलीला गोंधळ हाय.
इसार घेऊन बसलोव.
काय तरी जालीम द्या, बाई.”

मोबाईलच्या उजेडात घसा पाहिला.
मग वर्तमानपत्राचा चौकोन फाडला,
कोपरे दुमडले, दोरा गुंडाळला.
आत काही घातलं नाही.
ते त्यानं बघितलं.

“चार दिवस खिशात ठेवा.
ती खिशात असेपर्यंत बोलायचं नाही.
कुजबुजायचं तर मुळीच नाही,
त्यानं घसा जास्त सोलतो.”
किती, हातानं विचारलं.
“अकरा रुपये.”
फुकटचं औषध लागत नाही.

घरी पोरं बोलायला लावतात
म्हणून दुकानातच बसला,
अडकित्त्यानं ज्येष्ठमधाच्या कांड्या कातरत.
गिऱ्हाइकानं काही विचारलं की बरणीकडं बोट.
तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून लिंबाजीचा पुकार आला.
डब्याच्या झाकणावर ठेका धरलेली बोटं
मधेच उभी राहिली.
भुवया वर करून माझ्याकडं बघितलं.
मी मान हलवली. हो, तोच.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
ते दुसऱ्या कुणाला ऐकू आलं होतं.

सोमवारी मीही गेले, बायकांत मागं बसले.
थंडी, तुरीच्या शेतावरून येणारी.
दिवटी पेटली, संबळ कडाडलं,
आणि आवाज निघाला
भिजलेल्या गोणपाटासारखा जड.
मध्यरात्रीनंतर तापला.
वर चढताना एके ठिकाणी उभा फाटला.
त्यानं फाटू दिला,
झाकायला तुणतुणं पुढं केलं नाही.
दिवटीवर तेल घालणाऱ्या पोराचा हात
तसाच वर राहिला.

मंगळवारी पुडी माघारी आणून दिली.
घामानं मऊ झालेली,
बातमीची शाई पुसट, दोरा जसाच्या तसा.
“उघडली न्हाई. पुढल्या साली लागंल.
वापरलेली हाय पर,
पाच रुपयं वापस द्या.”

मी दिले.
पुडी गल्ल्यात ठेवत होते तेव्हा
लिंबाजी दारात उभा,
पाचाची तुरटी मागत होता.