रंगाऱ्यांच्या बावीचे इतिवृत्त

रविवार, सकाळी साडेसात. शहापूर, रंगारी बोळ.
गणसंख्या पाच लागते. आलो तिघं:
गुरुसिद्द हुलकुंद, इनास डिक्रूझ, आणि मी, चिटणीस,
जिच्या पिशवीत मोजपट्टी, ओळंबा, शाईची पेनं
आणि केळीच्या पानात चार पोळ्या.

सुरुवातीला सतरा होतो.
तेव्हा पेपरात फोटोही आला,
सतरा वास्तुविशारद ओळीनं बावीत वाकलेले.
बघण्यासारखं खाली तेव्हा प्लास्टिकच होतं.
गाळ काढायच्या दिवशी नऊ उरलो,
महापालिकेतून फाईल परत आली तेव्हा पाच.
गेलेल्यांना मी नावं ठेवत नाही.
त्यांना टिळकवाडीत चार-चार मजले चढवायचेत,
बँकेचे हप्ते फेडायचेत. मलाही आहेत.
फक्त रविवारी माझा पाय
आपोआप या बोळात वळतो.

"तुमी काय करूलालाय?"
कठड्यावर बसलेली नऊ वर्षांची अमृता विचारते.
मोजतोय.
"कुणी सांगिटलं?"
कुणीच नाही.
"मग पगार?"
इनास हसतो. त्याच्या चष्म्यावर बावीतली ओल धरलेली.

पायऱ्या तेवीस. अकरावी फुटकी.
पूर्वेच्या कोनाड्यात अजून निळा डाग,
नऊवारीची सुतं इथं पिळली जायची त्या काळचा.
कुणा भाविकानं त्याला
सिमेंट लावून बाथरूमची फरशी चिकटवलीय.
फरशी काढावी की तिच्यावरच्या हळदीकुंकवासकट ठेवावी,
यावर मागच्या तीन बैठका गेल्या.

चौथी गेली पाटीवर.
कोणती लिपी वर, कोणती खाली,
अक्षर किती इंची.
गुरुसिद्द त्याच्या भाषेत म्हणतो बावी,
मी माझ्या भाषेत बाव.
मधल्या एका वेलांटीसाठी
दोन चहा थंड झाले.
पाटी अजून कोरी आहे, गंज धरतेय.

आज पश्चिमेची भिंत.
वरून ओळंबा सोडला तर दोरी मोकळी लोंबेना,
दगडालाच घासत राहिली.
खालून मापलं: पंधरा फुटांत सात इंच मागे.
मी वहीत लिहिलं:
कललेली. धोकादायक. उतरवून नव्याने बांधावी.
आणि मागच्या महिन्याच्या नकाशात पाहिलं
तर तिथं ती ताठ उभी.
मीच काढली होती तशी,
पट्टी धरली की हात सरळच जातो.

लगमाण्णा गवंडी चुन्याची बादली ठेवून उठला.
दगडावर पंजा टेकवला,
बैलाच्या पाठीवर टेकवावा तसा.
"कललेली नव्हं ओ बाई. रेललीया.
मातीला पाठ लावून बसलीया ती.
तुमच्या कागदावानी ताठ ऱ्हायली असती
तर माझ्या आज्याच्या आदीच पडली असती."

कुणी काही बोललं नाही.
खाली एक बेडूक पाण्यात उतरला.
गुरुसिद्दनं माझ्या वहीतल्या त्या तीन शब्दांवर
न विचारता आडवी रेघ ओढली.
मी पहिल्यांदाच त्याला अडवलं नाही.

उपस्थितीत मी लगमाण्णाचं नाव घातलं.
"मला कशाला?" म्हणाला,
पण सही करताना खूप वेळ घेतला.
झाले चार.
"मी पाच," अमृता म्हणाली.
तिचं वय भरत नाही. नियम आमचेच.
गणसंख्येअभावी ठराव झाला नाही.

चुना भिजत घातलाय, गूळ आणि बेलाचा गर घालून.
तो एकवीस दिवसांनी तयार होईल,
आम्ही होऊ न होऊ.

घरी येऊन ट्रेसिंग पसरलं,
ब्लेडनं ती सरळ रेघ खरवडली,
शाई निघता निघत नव्हती.
मग सात इंच मागे
हातानंच काढली, पट्टीशिवाय.
खरवडलेल्या जागी कागद पातळ झालाय.
दिव्यासमोर धरला
की तेवढाच भाग उजळतो.