विषय क्रमांक दोन

मिरजेत, दर्ग्यामागच्या बोळात
तंतुवाद्य कारागीर मंडळाची सभा
दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी साडेपाचला ठरते
आणि सव्वासहाला भरते.
मी चिटणीस. पगार नाही, चहा दोन कप.
बापाच्या जागी बसले,
अक्षर बरं आणि ऐकायची सवय म्हणून.

विषय क्रमांक एक: मागील इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचून झालं की गैबीसाहेब हटकून विचारणार,
"ह्यात माझं बोलणं न्हाई आलं?"
नाही आलं.
तुम्ही स्टेशनवरच्या वड्याबद्दल बोलला होता.

विषय क्रमांक दोन: भीमेकाठच्या भोपळ्याचा दर.
दर म्हटला की पाऊसपाणी निघतं,
त्यावरून कृष्णेचा पूर,
पुरावरून कुणाच्या घरात किती फूट,
फुटांवरून भावकीची मोजणी,
मोजणीवरून तो सर्व्हेवाला, जो आता जतला असतो,
आणि जत म्हटलं की अल्लाबक्षची सासुरवाडी,
मग तिथलं मटण.
भोपळा कोपऱ्यात तसाच,
पोटातल्या बिया धरून
आपला नंबर कधी येतोय बघत.

अध्यक्ष दस्तगीरचाचा.
टेबल आपटत नाहीत, मुद्द्यावर या म्हणत नाहीत.
भिंतीला एक तंबोरा टेकलेला असतो,
पॉलिश राहिलेला,
गिऱ्हाईक अ‍ॅडव्हान्स देऊन विसरून गेलेलं.
मटणाला उकळी फुटली की चाचा हात लांब करतात
आणि जोडीची तार छेडतात. एकदाच.
षड्ज खोलीत येऊन बसतो
एखाद्या वडीलधाऱ्यासारखा.
बोलणारा आपला आपण थांबतो, खाकरतो,
"तर काय म्हणत हुतो, भोपळा..."
कुणाची मान खाली जात नाही.

मी एकदा विचारलं,
पूर आला तेव्हाच का नाही छेडली?
म्हणाले, बेटा, जवारी काढताना बघितलीस का?
तार घोडीवर गच्च बसली
तर लाकडासारखी ठक्क वाजते.
खालनं सुताचा धागा सरकवायचा, केसभर,
की ती आपल्या सुरातच राहून
जरा इकडंतिकडं बघते.
जास्त सरकला तर मात्र नुसती झणझण.

केसभर म्हणजे किती?
"ते काय वहीत लिहायचंय?"
मी लिहिलं. वहीच्या शेवटच्या पानावर.

गेल्या सोमवारी
विषय क्रमांक दोनवर चाचाच बोलायला उठले.
शेकड्याच्या भावानं नीट सुरुवात केली,
मग म्हणाले, भोपळा पोखरायला आता हमजा नसतो.
हमजा पुण्यात लोकांची जेवणं पोचवतो.
तबलीवर नुसता अंगठा मारून
जाडी सांगायचा पोरगा, म्हणाले,
आता त्याच अंगठ्यानं बेल वाजवतो,
तिसऱ्या मजल्यावर, सहाव्या मजल्यावर,
दार उघडायच्या आत परत जिना...
बोलत गेले.

खोलीत अकरा माणसं.
सगळ्यांची नजर तंबोऱ्यावर
आणि हात मांडीखाली.
तो माझ्या खुर्चीलाच लागून होता,
पेन खाली ठेवलं असतं तर पुरलं असतं.
पेन मी हातातच ठेवलं.
बोळात कुणीतरी रिक्षा मागं घेत होतं,
घ्या, घ्या, बास, बास.

शेवटी चाचांनीच हात लांब केला,
पण तार छेडली नाही.
तिच्यावर बोट ठेवलं,
वाजत नसलेल्या तारेवर,
वाजणारी थांबवताना ठेवतात तसं.
"तर," म्हणाले, "शेकड्याला काय धरायचं?"

इतिवृत्त:
विषय क्रमांक दोन. भोपळ्याचा दर.
चर्चा विषयाला धरून झाली.
दर ठरला नाही, पुढील सभेत ठेवावा.
सूचक गैबीसाहेब. अनुमोदक सर्व.