सातवी वीट

माझा बाप उराझबाय, गवंडी.
बुधवारी खोजेलीजवळच्या टेकडीवर जाई,
गाढवावर पाण्याचा डबा, पुढ्यात मी.

टेकडी सगळी माणसांचीच.
वर चंद्रकोरी, झिजलेली अरबी अक्षरं,
खाली, कुणी खणलंच तर, मातीच्या पेट्या.
झाकणांवर रंगवलेल्या बाया केस उपटत रडताहेत,
आत फक्त हाडं, उन्हापाखरांनी धुतलेली.
जमिनीला विटाळ नको
म्हणून मांस आधी आभाळाला देऊन टाकलेलं.

बाप म्हणे, ते आगीचे लोक, आपण मातीचे.
पण बघ,
मयत आणलेली शिडी आपण कबरीवरच टाकून येतो,
घरी नेत नाही.
का, मी विचारलं.
त्यानं जिभेखाली नस्वार दाबली.
कुणीतरी घाबरलं असेल फार पूर्वी, म्हणाला.
माणसांनी धर्म बदलला, भीतीनं नाही बदलला.

पडक्या घुमटापाशी बाया विटा रचत,
सात, एकावर एक, ओठांत दुवा.
म्हातारे सांगत, या भिंतीची दरसाल एक वीट पडते,
शेवटची पडेल त्या दिवशी कयामत.
बाप हसला नाही.
वैद्यानं बरगड्या चाचपाव्यात
तसा भिंतीवरून हात फिरवत राहिला.

अंधार पडल्यावर डब्यातल्या पाण्यात त्यानं चिखल कालवला
आणि एक वीट परत बसवली.
आईला सांगू नकोस.
मी सांगितलं.
आई कणकेचे हात तसेच धरून म्हणाली,
जगाला वर्ष वाढवून दिलंस ना,
मग त्या वर्षात आपलं छप्पर तरी शाकार.

आता समुद्र उरला नाही.
त्याच्या तळाचं मीठ वारा घेऊन येतो,
पिठासारखं बारीक, दातांत करकरतं.
विटा आतून भुसभुशीत होतात.
गेल्या हिवाळ्यात अकरा पडल्या, मी मोजल्या.
असा हिशेब कुठल्याच म्हाताऱ्यानं सांगितला नव्हता.

बाप उत्तरेच्या उतारावर आहे.
छातीवर त्याची शिडी,
तिसरी पायरी मोडलेली, दुरुस्त करायला तोच नाही.

माझी पेरुझा सहा विटा रचते.
सातवी हातात घेऊन थांबते,
मग भिंतीतल्या खाचेकडे बघते.
आई, ही तिथली आहे का?

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली आहे, अर्धी.
माती इथं हवी तेवढी.