दुसरा ब्रेक

डॉक्टर म्हणाले, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं.
आबांनी पेन झटकलं, गोल काढला, चांगला गोल,
आणि आत लिहिलं शून्य, वीस, चाळीस, साठ.
काटा चाळीसवर.
‘गावात ह्याच्या वर न्यायचं न्हाई.’
डॉक्टरांनी शून्य दिलं.
मी किती दिले असते,
शाहूपुरीतून घरी येईपर्यंत ठरेना.

कागदावर भागणार नाही, रस्त्यावर बघायला हवं.
पण बघणार कोण?
चौगले मोटार ट्रेनिंग स्कूल आता माझ्या नावावर,
अडतीस वर्षं आबा बसले ती डावी सीट माझी,
पायाखाली शिकवणाऱ्याचा क्लच, शिकवणाऱ्याचा ब्रेक.
निम्म्या पेठांना ह्यांनी पहिला गिअर टाकायला शिकवलं.
डॉक्टरही त्यातलेच.

रविवार, सकाळी आठ.
आबांनी सीट पुढं घेतली, आरसा धोतराच्या सोग्यानं पुसला.
हातांना सगळं पाठ. हातांना कुणी घड्याळ विचारलं नव्हतं.
रंकाळ्यापासून गंगावेशीपर्यंत
मांडीवर दुधाचा पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता.
म्हशींना वाट दिली, हॉर्न नाही.
मी मनात गुण वाढवत होते, चोरून.

दसरा चौकात तांबडा, थांबले.
हिरवा लागला.
‘आबा, हिरवा.’
‘लागू दे की.’
मागं हॉर्नचा कालवा. आबा समोर बघत,
कुणाची तरी वाट बघितल्यासारखे.

बिंदू चौकाच्या अलीकडं
तालमीतून सुटलेलं पोरगं आडवं आलं, सायकलवर,
कानाला अजून माती.
आबांनी त्याला बघितलं.
बघितलं हे मी बघितलं.
पायाला निरोप गेला नाही.

माझा गेला.

गाडी ठेचकाळली. पोरगं शिवी हासडून पार.
आबा आधी स्वतःच्या चपलेकडं बघत राहिले,
मग माझ्या.
‘ब्रेक कुणी मारला?’
‘तुम्हीच की. वेळेत मारलासा.’

ते हसले. असे हसले की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.
थरथरत स्टिअरिंग धरलेल्या हजारो नवशिक्यांना
गुपचूप आपला पाय दाबून
हेच तर सांगत आले होते.
‘वैजू, ह्ये वाक्य माझं हाय,’ म्हणाले,
आणि चावी फिरवून माझ्या ओंजळीत.

दुसऱ्या दिवशी विसरले. तिसऱ्या दिवशी भांडले.
चावी कुठं लपवली ते मी इथंही लिहीत नाही.

घरच्या गाडीला दुसरा ब्रेक नाही.
डावीकडं आबा बसतात,
त्यांच्या बाजूचं मॅट टाचेपाशी झिजलंय.
मधेच, मोकळ्या रस्त्यावर,
समोर काहीसुद्धा नसताना
ते पाय दाबतात.

मी थांबते.