पडताळणी

पुढच्या पंखाची लांबी अकरा मिलिमीटर.
रंग –
इथे मी चार दिवस अडकले.
इंग्रजीत त्याला एक शब्द आहे, गेरूच्या आसपासचा,
पण गेरू नाही हा.
वर्सोव्याच्या वलांडीवर दुसऱ्या उन्हात
बोंबलाला चढतो तो रंग,
कडेला जरासा गुलाबी, अजून पुरता न वाळलेला.
असं अर्थात लिहिता येत नाही.
फिकट मातकट लिहिलं, पुढे गेले.

सापडला आरेत,
सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीवर, पुरुषांच्या बाजूला,
फडफडत्या ट्यूबलाइटखाली.
आम्ही तिथून दोनशे पावलांवर
पाऱ्याचा दिवा लावून, पांढरी चादर ताणून बसलेलो.
चादरीवर सगळे ओळखीचे.
मध्यरात्री जान्या हाडळ, तिथला राखणदार,
काड्यापेटी घेऊन आला:
हा चालेल का बघा. रोजचाच आहे.

रोजचाच.
आणि आम्ही पुढे लिहिणार होतो,
विज्ञानाला आजवर अज्ञात.

चादरीचं बिल पास करताना
हिशेब खात्यातल्या दिघेबाईंनी विचारलं होतं,
पतंगांसाठी चादर? मांजा नको?

तोंड नाही.
असायला हवं तिथे दोन सुतं, निकामी.
खाणं सगळं अळीपणीच उरकून आलेला.
मोठेपण चार-पाच रात्रींचं, उपाशी,
तेवढ्यात मादी शोधायची.
याला ट्यूबलाइट सापडली.

जात पंखांवरून ठरत नाही.
पोट वेगळं काढायचं, पोटॅशमध्ये उकळायचं,
शेवटच्या खंडातले आकडे, काटे, पाकळ्या
काचेवर पसरून मोजायच्या,
मग शंभर वर्षांपूर्वी कुण्या साहेबाने टोचून ठेवलेल्या
भाऊबंदांशी ताडून पाहायच्या.
डांबरगोळ्यांचा वास नाकात बसतो, जेवतानाही येतो.
चौदाव्या महिन्यात तुंगेकर मॅडम
सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता म्हणाल्या,
कुणाशीच जुळत नाही.
म्हणजे आहे.

सांगायला गेले तर ट्यूबलाइट नव्हती.
पालिकेने नवा दिवा बसवलेला, गार, पांढराफेक,
भिंत दवाखान्यासारखी स्वच्छ.
येत नाही आता तो, जान्या म्हणाला. कुणीच येत नाही.
मग विचारलं,
जात पडताळणी किती दिवस चालली त्याची?
चौदा महिने.
लवकर झाली की.
प्रणिताचं हे तिसरं वर्ष. नर्सिंगचा प्रवेश टांगलाय.
पन्नासच्या आधीचा कागद मागतात.
आजा शाळेत गेला असता तर असता कागद.

चहा आला. मी घेतला.
म्हटलं, नाव तुमचं द्यायचं ठरलंय,
आणि पावतीपुस्तकाच्या पाठीवर
रोमनमध्ये लिहून दाखवलं.
प्रणिताने अक्षर अक्षर लावून वाचलं: ह-ड-ळी.
रोमनला काना कळत नाही, मी समजावू लागले,
तोवर ती ओढणीत तोंड खुपसून हसत होती:
बाबा, तुमची हडळ झाली!
तोही हसला. उशिरा, पण हसला.

दुसरा नमुना मिळाला नाही.
सोळा रात्री बसलो, तीन प्रकारचे दिवे लावून.
एका रात्री बिबट्या चादरीमागून गेला,
त्याची सावली आम्ही पतंगांसकट पाहिली.

एकच आहे तो. खण सत्तेचाळीस.
पोट नाही, ते वेगळ्या काचेवर, त्याच क्रमांकाने.
टाचणीला चिठ्ठी, तांदळाच्या तीन दाण्यांएवढी:
मुंबई, आरे. दिव्यापाशी. संग्राहक जा. हाडळ.

गेल्या मंगळवारी जान्या स्वतः आला, इस्त्रीचा शर्ट घालून.
त्याने पतंग पाहिला नाही फारसा.
चिठ्ठीची झेरॉक्स मागितली, मोठी करून,
संस्थेच्या शिक्क्यासकट.
फाइलीला लावतो म्हणाला.
आडनाव आहे ना तिच्यात.